कंगवा, एक नग

केएमटीत असताना माझ्याकडं
हरवल्या-सापडल्याची खिडकी होती.
छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कवळी,
एकदा लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा, मुहूर्त उलटून गेलेला.
वस्तू रांगेनं बसून असायच्या,
न्यायला माणूस यायचा नाही.

आता लक्ष्मीपुरीत, छापखान्याच्या माडीवर,
दहा बाय बाराच्या खोलीत
दर दुसऱ्या रविवारी माणसं येऊन बसतात
आणि माझ्या हातात द्यायला काही नसतं.

दस्तगीर शिकलगार येतो. मुलाचं विचारत नाही.
टेबलावरची कात्री उचलतो, धार लावून ठेवतो.
त्या कात्रीनं आम्ही पेपरातली कात्रणं कापतो फक्त,
एवढी धार लागत नाही त्याला.
कुणी अडवत नाही.

आमचं काम म्हणाल तर किरकोळ.
ठाण्यातल्या बाकावर सोबत बसायचं.
थकलेलं लाइटबिल. धाकट्याच्या वह्या.
जून आला की पत्रकावरचं वय एकानं वाढवायचं,
फोटो तोच ठेवून.
शालन खाडेची रसिका सात वर्षांची होती.
पत्रकावर आता अकरा वर्षांची आहे,
पुढचे दोन दात पडलेली.

गंगावेशीला दूध आणायला गेली, किटली घेऊन.
हवालदारानं लिहिलं,
मुलगी 'जाते' असे सांगून घरातून निघाली.
शालन उठून उभी राहिली.
'जाते न्हवं सायेब. येतो म्हणाली.
येतो गं आई, असं.'
तो आपल्या भागातला नसावा.
म्हणाला, बाई, मुलगी आहे ना ती?
मी खुर्ची पुढं ओढली, सांगितलं,
इथल्या पोरी येतोच म्हणतात साहेब,
आणि जातो तर कुणीच म्हणत नाही.
त्यानं खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं.
त्या दिवशी आमच्याच्यानं तेवढंच झालं.

यंदा माघात मिरजेहून फोन.
बालगृहात एक मुलगी आहे, अकरा-बाराची,
नाव सांगत नाही,
कोल्हापूर म्हटलं की मान वर करते.
पहाटेची गाडी धरली. शालनच्या पिशवीत
सातव्या वर्षीचा फ्रॉक,
आणि एक नवा, अंदाजानं घेतलेला.
हातकणंगल्यापर्यंत ती बोलत होती.
जयसिंगपूरपासून गप्प.

रसिका नव्हती.
दारातच कळलं, तिला आणि मलाही.
मी रजिस्टरवर सही करायला वळलो,
अशा वेळी कुठं बघावं हे मला अजून जमत नाही.
सही करून बघतो तर शालन खाली फरशीवर बसलेली,
पोरगी तिच्याकडं पाठ करून,
डोक्यात गुंता, महिन्याभराचा तरी असेल.
'भाऊ, कंगवा मिळतोय का बघा की कुठं.'
समोरच्या टपरीवर मिळाला.
तासभर लागला.
पोरगी एकदाच 'आई गं' म्हणाली,
केस ओढला गेला म्हणून.
शालनचा हात थांबला.
मग पुन्हा चालू झाला.

नवा फ्रॉक तिथंच राहिला, जुना परत आला.

मार्चअखेर मगदूम साहेब हिशेब तपासायला आले.
फुकट तपासतात, म्हणून बोलायचा हक्क त्यांचा.
गाडीभाडं ठीक. चहा ठीक.
'सापडलेली मुलं किती दाखवू?'
दोन, मी म्हणालो. नऊ वर्षांत.
ते काही बोलले नाहीत, पान उलटलं.
'आणि हे? कंगवा, एक नग, पंधरा रुपये.
हा कुठल्या सदराखाली टाकायचा?'

मी आठवत राहिलो सदरं.
खाली छपाईचं यंत्र सुरू झालं, टेबल थरथरायला लागलं,
कात्री कडेकडं सरकत गेली.
साहेबांनी पटकन हात घातला
आणि अंगठा तोंडात धरून म्हणाले,
'धार आहे की हो हिला.'